‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर कायद्यात कुठंच नाही
वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या वेळची पत्रं आणि मेसेज एकत्र घेऊन बसले तर पत्रागणिक एकच वाक्य समोर येत होतं. कुणाला बँकेत ऐकवलं, कुणाला रेशन दुकानात, कुणाला पोलीस ठाण्यात. ‘आम्ही काय करणार, सिस्टीमच घेत नाही.’ कोर्टात इतकी वर्षं काढली पण या वाक्याला आधार देणारं कलम मला अजून कुठल्या कायद्यात सापडलेलं नाही. म्हणून आज हाच धागा धरून उत्तरं देतेय.

ताई, महाद्वार रोडजवळ आमचं चप्पलचं छोटं दुकान हाय. सुट्टीत बाहेरगावच्या गिऱ्हाईकानं दोन जोड घेतले, स्कॅन करून २४०० रुपये टाकले, साउंडबॉक्स बोलला, विषय संपला. तीन आठवड्यांनी बघतोय तर खातंच बंद! आत एक लाख ऐंशी हजार अडकलेत, चामड्याचे पैसे त्यातनंच द्यायचेत. बँकवाले म्हणतात दुसऱ्या राज्यातल्या सायबरवाल्यांनी लियन मारलाय, आमच्या हातात काय नाही. मी चोर हाय का?

नाही दादा, तुम्ही चोर नाही, आणि असं झालेले तुम्ही एकटेही नाही. काय होतं बघा, कुठंतरी कुणाचे तरी पैसे फ्रॉडमध्ये जातात, तो माणूस १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करतो, तक्रार केंद्राच्या सायबर पोर्टलवर चढते आणि मग ते पैसे या खात्यातनं त्या खात्यात जिथं जिथं फिरले त्या सगळ्या खात्यांवर एकापाठोपाठ एक होल्ड, म्हणजे बँकवाले म्हणतात तो लियन, लागत जातो आणि पैसे हलवता येत नाहीत. ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठी हे चांगलंच आहे, लवकर फोन केला तर पैसे वाटेत अडवता येतात. पण त्या साखळीच्या शेपटाला तुमच्यासारखा प्रामाणिक दुकानदार असतो, ज्यानं माल देऊन पैसे घेतलेत, आणि त्याचं आख्खं खातं अडकतं.

संशयाची मालमत्ता ताब्यात घ्यायचा अधिकार पोलिसांना आहे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १०६ मध्ये आहे, पण त्याच कलमात असंही आहे की अशी जप्ती केली की मॅजिस्ट्रेटला लगेच कळवायचं. आणि वाद २४०० चा असताना एक लाख ऐंशी हजार का अडवायचे, हा प्रश्न तुमच्याआधी दुसऱ्यांनी कोर्टात नेलाय. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्येच सांगितलं की पोलिसांनी जेवढी रक्कम लिहून कळवलीय तेवढ्यावरच होल्ड ठेवा, बाकीचं खातं चालू द्या. तो निकाल आपल्या इथं जसाच्या तसा बंधनकारक नाही, पण अर्जात दाखवायला उपयोगी पडतो, मी स्वतः दाखवते.

आता कामाचं सांगते. बँकेत तोंडी भांडू नका, त्यानं फक्त बीपी वाढतं. लेखी अर्ज द्या आणि त्यात चारच गोष्टी मागा, तक्रारीचा पोचपावती नंबर, कुठल्या ठाण्याची तक्रार, वादातली रक्कम किती, आणि कुठल्या व्यवहारावरनं, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, यूटीआर म्हणतात तो. अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. ही माहिती हातात आली की त्या ठाण्याला ईमेल करा, सोबत बिलाची कॉपी, यूपीआयची नोंद आणि दुकानातल्या कॅमेऱ्याचं त्या वेळचं फुटेज. फुटेज आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवा, कारण डीव्हीआर ठराविक दिवसांनी जुन्यावर नवीन चढवतो आणि मग रडून उपयोग नसतो. ‘२४०० वर होल्ड ठेवा, बाकी खातं मोकळं करा’ एवढंच स्पष्ट मागा.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते. पोलिसांकडनं काहीच हाललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज, आणि त्याच्याही वर जायचं झालं तर आता मुंबईची रेल्वे पकडायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. या बेंचसाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली, ते असल्याच कामासाठी. चप्पल विकणाऱ्या माणसाला एका दिवसात जाऊन येता यावं म्हणून.

एक मात्र लक्षात ठेवा, कुणी फोन करून ‘ते पैसे या नंबरवर परत टाका, खातं सोडवतो’ म्हणालं तर एक रुपयासुद्धा टाकू नका.

वकीलताई, मी इचलकरंजीत ग्रे कापडाचा धंदा करतो. गठाणींची ऑर्डर, भाव, उधारी सगळं व्हॉट्सॲपवरच. आता पार्टी म्हणते असं काही ठरलंच नव्हतं. माझ्याकडं स्क्रीनशॉट आहेत, प्रिंट मारून फाईल केलीय. एवढं बास होतंय ना?

बास होत नाही. सौदा व्हॉट्सॲपवर झाला म्हणून तो कच्चा ठरत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०-अ त्यासाठीच घातलंय. अडचण पुराव्याची येते. नुसता प्रिंट कोर्ट घेत नाही, सोबत सर्टिफिकेट लागतं, पूर्वी ते ६५-ब चं म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आहे. सर्टिफिकेटचे दोन भाग, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञानं, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाईलचा अंगठा समजा, आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो ठसा वेगळाच येतो.

तेव्हा चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका, रीसेट तर अजिबात मारू नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, सोयीची तेवढी पानं काढून ठेवलीत तर समोरचा वकील पहिलं त्यावरच बोट ठेवणार. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळं ‘बघू, देतोय म्हणतोय’ करत बसू नका.

या विषयावरचा महत्त्वाचा निकाल आपल्याच महाराष्ट्रातल्या खटल्यात लागलाय आणि मला तो फार जवळचा वाटतो. जालन्याच्या निवडणुकीचा वाद, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सुप्रीम कोर्टानं १४ जुलै २०२० ला निकाल दिला. उमेदवारी अर्ज वेळेत आला का, यावर वाद होता आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसमधल्या कॅमेऱ्यात. कोर्ट म्हणालं सर्टिफिकेट पाहिजेच. पण तिथं सर्टिफिकेट वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं, तर कोर्टानं त्याचा फटका मागणाऱ्याला बसू दिला नाही, त्याच्या हातात होतं तेवढं त्यानं केलं होतं असं धरलं. पण हे कधी, तर त्यानं मागितल्याचं कागदावर होतं तेव्हा! मी प्रत्येकाच्या मागं लेखी मागा, लेखी मागा म्हणून लागते ते याच्यासाठी.

ताई, नाव छापू नका. मी राजारामपुरीत रूमवर राहून शिकते. माझ्या इन्स्टावरच्या फोटोवरून कुणीतरी एआयनं घाण फोटो बनवलाय आणि पैसे दे नाहीतर कॉलेजच्या ग्रुपवर टाकतो म्हणतोय. घरी सांगितलं तर शिक्षण बंद करतील. मी फोटो टाकला हीच चूक झाली का?

नाही बाळा, तुझी कणभरही चूक नाही. साडीतला, सहलीतला, कसलाही फोटो टाकणं हा गुन्हा नाही, तो बिघडवणं आणि त्यावर पैसे मागणं हे गुन्हे आहेत आणि ते त्यानं केलेत.

पैसे देऊ नकोस, एकदा दिले की परत मागतो, हे मी प्रत्येक केसमध्ये बघितलंय. त्याला ब्लॉक करायच्या आधी चॅट, त्याचं युजरनेम, प्रोफाईलची लिंक, तारीख-वेळ, सगळं साठवून ठेव. मग सायबर पोर्टलवर महिलांसाठीच्या विभागात तक्रार कर, तिथं नाव न देताही करता येते, पण नाव दिलंस तर तपास पुढं सरकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातली ६७ आणि ६७-अ ही कलमं अश्लील मजकूर पसरवण्यावर आहेत, धमकावणं आणि खंडणी ही भारतीय न्याय संहितेत वेगळी. फोटो अजून कुठं पडला नसला तरी धमकी देऊन पैसे मागितले तेवढ्यावर गुन्हा दाखल होतो.

ठाण्यात ‘तुमचं गाव कुठलं, तिकडं जा’ म्हणाले तर झिरो एफआयआर म्हण. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठंही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यानं तक्रार नोंदवून घ्यायची आहे. ऑनलाईन कळवलंस तरी चालतं, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. आणि स्टॉप एनसीआयआय नावाची एक मोफत सेवा आहे, त्यात फोटो तुझ्या फोनमधनं बाहेर जात नाही, फोनवरच त्याचा ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशाचा फोटो कुणी टाकला की अडवतात. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आहे, तुला चालेल. फोटो कुठं पडलाच तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लगेच रिपोर्ट कर. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांत असला फोटो काढायला त्यांना चोवीस तास होते, नंतर ती मुदत आणखी कमी केलीय, आणि एआयनं बनवलेल्या फोटो-व्हिडिओवर तसं लेबल लावायची सक्तीही आलीय.

एक मनातलं बोलते. आशा भोसल्यांचा आवाज एआयनं चोरायला लागले तेव्हा २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना तातडीनं संरक्षण दिलं, आणि ते योग्यच झालं. पण चेहरा आणि आवाज हा त्या माणसाचाच, हे नामवंतांपुरतं राहता कामा नये. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पुट्टस्वामी निकाल म्हणतात त्याला, आणि त्यात राजारामपुरीतल्या रूमवर राहणारी तूसुद्धा आहेस. घरी सांगायला जड जात असेल तर मला फोन कर, ठाण्यात मी सोबत येते. आईबाबांशी पण मी बोलेन.

आमच्या तालमीचा ग्रुप हाय, साडेतीनशे पोरं. मी ॲडमिन. कोण कधी काय टाकंल सांगता येत नाही. उद्या काय झालं तर मला उचलणार काय?

दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टबद्दल नुसतं ॲडमिन आहे म्हणून तुम्हाला आरोपी करता येत नाही. गोंदियातल्या एका केसमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय, ॲडमिन माणसं आत घेऊ शकतो, बाहेर काढू शकतो, पण कोण काय लिहिणार ते आधी थोडंच ठरवू शकतो. तुमचं ठरवून संगनमत असेल तर मात्र वेगळं. आणि तुम्ही स्वतः एखादी भडकाऊ पोस्ट फॉरवर्ड केलीत तर ‘जशी आली तशी पाठवली’ हा बचाव होत नाही.

पोरांना दुसरी बाजू पण सांगा. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्ट आणि लाईकवरनं अटक झाली होती. ते बघून श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, असल्या पोस्टवरनं अटक करायला वापरलं जाणारं कलम ६६-अ रद्द झालं. म्हणजे टीका करणं, नाराजी दाखवणं हा गुन्हा नाही. दोन समाजांत तेढ लावणं हा आहे. यातला फरक पोरांना कळला पाहिजे, कारण जून २०२३ मध्ये स्टेटसवरनं आपल्या कोल्हापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. दगडफेक झाली, दुकानं बंद झाली, नेट बंद झालं, यूपीआयवर धंदा करणारे भाजीवालेसुद्धा हात बांधून बसले.

नेट बंद करायचंच झालं तर त्याला पण नियम आहेत. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन निकालात सांगितलं की असा आदेश लोकांना दिसेल असा जाहीर करायचा, कारण द्यायचं आणि तो बेमुदत ठेवायचा नाही. २०२४ च्या नियमांत एका आदेशाला जास्तीत जास्त पंधरा दिवसांची मर्यादा आहे. शांतता राखायला नेट बंद करणं कधी गरजेचं असेलही, पण आदेश कुठाय, बघू द्या, असं विचारायचा हक्क तुमचा आहे.

मी निवृत्त शिक्षक. व्हॉट्सॲपवर पोलिसांची म्हणून नोटीस आली, शिक्का सही सगळं, आणि व्हिडिओ कॉलवर डिजिटल अरेस्ट, म्हणजे कॉलवरच अटक, म्हणाले. पैसे मागितले, मी दिले नाहीत. परत फोन आला तर काय करू?

सर, फोन कट करा आणि १९३० लावा. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. गोंधळ कुठं होतो तर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस मानली होती, कारण वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या, ती बातमी बऱ्याच जणांच्या लक्षात आहे. पण पोलिसांनी हजर राहायला बोलवायची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावायची नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय, कारण त्यात माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न येतो. तुम्ही पैसे दिले नाहीत हे फार चांगलं केलंत. तुमच्याबरोबरच्या सगळ्या निवृत्त शिक्षकांना हे वाचून दाखवा.

मोठ्या दुकानात बिल करताना मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिलच निघत नाही म्हणतात. खरं काय?

खोटं. नंबर न देता बिल मागा, द्यावंच लागतं. केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२३ मध्येच दुकानदारांना तसं कळवलंय. दिलं नाही तर १९१५ ला तक्रार करा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढं दीड वर्षाची मुदत दिलीय. एवढा उशीर मला पटलेला नाही. तोवर नंबर आपला आहे, नाही म्हणायला शिका.

ताई, आईनं सुभाषनगरात तीस वर्षं चपला केल्या. आता अडुसष्ट वय. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. दोन महिने झाले दुकानदार म्हणतो, मावशी, सिस्टीम घेत नाही, आधार सेंटरला जावा. सेंटरवाले म्हणतात, रेषाच येत नाहीत. आई आता म्हणती, जाऊ दे, माझा अंगठाच मेला.

हे पत्र मी शेवटी ठेवलं कारण यावर लिहायला बसल्यावर दुसरं काही सुचत नव्हतं.

चपला करणाऱ्या बाईचा अंगठा मी जवळून बघितलाय. चामड्याची वेणी घालताना वादी अंगठ्यावरनं ओढून घट्ट करतात, दिवसाला किती वेळा त्याची मोजदाद नाही, आणि वर्षानुवर्षं ते केलं की पेराचा भाग तासल्यासारखा गुळगुळीत होतो, उजेडात चमकतो. ज्या कामामुळं कोल्हापूरचं नाव जगभर झालं त्या कामानंच रेषा गेल्या, आणि आता मशीन विचारतंय तू कोण.

कायदा काय म्हणतो तर धान्य हा आईंचा हक्क आहे, २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा. आधारच्या २०१८ च्या निकालात, अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचा लाभ बुडणार नाही, ही सरकारची हमी सुप्रीम कोर्टानं नोंदवून घेतलीय. ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर सगळ्यांनी वाचावा असा आहे. ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेनं केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा म्हणून सांगितलं होतं. त्या कोर्टात गेल्या, आणि सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, त्यासाठी सरकारी खात्यांना आणि बँकांना वीस निर्देश दिले. निकाल दिव्यांग आणि ॲसिड हल्ल्यातल्या लोकांसाठीचा आहे, पण तत्त्व तेच, माणसाला जमत नसेल तर पद्धत बदलायची, माणसाला हाकलायचं नाही.

दुकानदाराला सांगा ओटीपी, डोळ्याचं स्कॅन किंवा चेहऱ्यावरनं ओळख, यातलं जे उपलब्ध असेल ते करा. आधार सेंटरवर आईंच्या दहाही बोटांचे ठसे परत घ्यायला लावा, बऱ्याचदा करंगळी किंवा अनामिका लागते, कारण त्यांच्यावर कामाचा ताण कमी आलेला असतो. तरी नाही झालं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज, दोन महिन्यांच्या बुडलेल्या धान्याचा महिन्यावार उल्लेख करून, आणि त्याची कॉपी जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला. हे पद त्याच कायद्यात यासाठीच ठेवलंय. १९६७ वर पण तक्रार नोंदवून नंबर लिहून ठेवा. आणि दुकानदारानं परत ‘सिस्टीम घेत नाही’ म्हटलं तर अजिबात न चिडता म्हणा, एवढंच एका कागदावर लिहून सही करून द्या.

अर्जाचा मसुदा मी करून ठेवलाय, बुडालेले महिने आणि कार्डाचा नंबर तेवढा भरायचा आहे. शनिवारी कोर्टाला सुट्टी असली तर ऑफिसलाच या, आईंना घेऊन. अर्जावर अंगठाच लागतो असं काही नाही, त्यांना सही येत असेल तर सही करू दे.